बेटाचा पाठ : खांदेरीची नौकायात्रा वर्गात कशी घडवावी



'चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात,' ही व्याख्या आपल्या तालुक्यातील बहुतेक मुलांस तोंडपाठ असते. परीक्षेत ती बिनचूक लिहिली जाते व तिचे गुणही मिळतात. परंतु त्याच मुलास, 'बेटाच्या खाली काय असते?' असा साधा प्रश्न विचारून पाहावा. पुष्कळदा 'पाणी' असेच उत्तर येते. कमळाचे पान तळ्यावर तरंगावे, तसे बेट समुद्रावर तरंगत असावे, अशी त्याची समजूत असते. व्याख्येत चूक नाही, मुलाच्या बुद्धीतही उणीव नाही. शब्द पोहोचले, पण शब्दांमागची वस्तू पोहोचली नाही, एवढाच याचा अर्थ. हदगावपासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर दूर आहे. ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही, त्यास समुद्रातील बेट शिकवावयाचे, तर पाठाची मांडणी निराळ्या प्रकारे करावी लागेल. या लेखात तशी एक मांडणी सुचविली आहे. तिसरी ते पाचवीच्या वर्गांत ती तीन किंवा चार तासिकांत पुरी होऊ शकते.

पाठाचा हेतू

पाठासाठी रायगड जिल्ह्यातील खांदेरी हे बेट निवडले आहे. अलिबागजवळील थळ या गावासमोर, किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटर आत ते उभे आहे. किनारा काळ्या खडकाचा आहे आणि होडीवाचून तेथे जाता येत नाही. चौथीच्या मुलांस शिवछत्रपतींच्या आरमाराची ओळख इतिहासात होतेच. त्यामुळे एकाच पाठात भूगोल, इतिहास, गणित व सामान्य विज्ञान यांचा मेळ घालता येतो.

पाठाच्या अखेरीस मुलास तीन गोष्टी उमगाव्यात. पहिली, बेट म्हणजे पाण्यात बुडालेल्या जमिनीचा वर राहिलेला माथा. दुसरी, बेटावर राहणाऱ्यास गोड पाणी, शिधा, औषध व निरोप यांसाठी होडीची वाट पाहावी लागते. तिसरी, ज्याची वाट पाण्याने अडविली तो बेटावरचाच माणूस, मग तो समुद्रात राहो वा नदीकाठी.

साधने

खर्चाचे एकही साधन लागत नाही. एक मोठी परात, ओबडधोबड दगड, पाण्याची कळशी, मीठ, ओल्या मातीचा गोळा, महाराष्ट्राचा नकाशा व पंचांग किंवा दिनदर्शिका एवढे जमवावे. आज भ्रमणध्वनीवर बेटाचे चित्र क्षणात दाखविता येते. ते अवश्य दाखवावे, पण पाठाच्या शेवटी. चित्र आधी दाखविल्यास मूल ते पाहून मोकळे होते. मनात प्रश्न उभे राहिल्यानंतर दाखविल्यास त्याच चित्रात ते उत्तरे शोधू लागते.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे

पाठाचा आरंभ समुद्रापासून न करता पैनगंगेपासून करावा. उन्हाळ्यात पाणी ओसरले की नदीच्या पात्रात काळे खडक उघडे पडतात. त्यांच्या भोवती पाणी असते आणि त्यांवर बगळा बसलेला असतो, हे दृश्य नदीकाठच्या मुलांच्या परिचयाचे आहे. 'तो खडक तरंगतो काय?' असे विचारावे. मुले हसतील व 'नाही, तो खाली रुतलेला आहे' असे सांगतील. पावसाळ्यात तोच खडक दिसेनासा होतो. खडक कोठे जात नाही, पाणी वर चढते. एवढे मुलांच्या मुखातून आले की पाठाचा अर्धा पाया घातला गेला.

मग परातीत दगड मांडून डोंगर, खिंडी व सखल भाग तयार करावा आणि कळशीने हळूहळू पाणी ओतावे. प्रथम खिंडी भरतात, मग लहान दगड बुडतात आणि शेवटी सर्वांत उंच दोन-तीन दगडांचे माथे तेवढे वर राहतात. आता बेट कोणते, हे सांगावे लागत नाही. धरणाच्या जलाशयात पाणी चढले म्हणजे मधल्या टेकडीचा माथा असाच वेगळा पडतो. इसापूरचे धरण पाहिलेली मुले वर्गात असतील, तर त्यांस बोलते करावे.

यानंतर दगडच हाती घ्यावा. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त लाव्हारस पृष्ठभागावर येऊन पसरला. थरांवर थर साचून दख्खनचे पठार बनले. त्या लाव्ह्याचा थिजलेला खडक म्हणजे काळा पाषाण, अर्थात बेसाल्ट. हदगावच्या विहिरी खोदताना जो लागतो, घराच्या पायात जो बसवितात आणि ज्याची झीज होऊन आपली कापसाची काळी जमीन तयार झाली, तोच हा खडक होय. खांदेरीचे बेटही याच काळ्या पाषाणाचे आहे. म्हणजे शाळेच्या आवारातील दगड व समुद्राच्या लाटा झेलणारा तो खडक एकाच कुळातील आहेत. बिलोली, देगलूर या बाजूंच्या शिक्षकांनी मात्र हे विधान जपून करावे; त्या भागात ग्रॅनाइटचा खडक लागतो. तेथील मुलांस दोन्ही दगड शेजारी ठेवून भेद दाखविता येईल.

नकाशावर आणखी एक गंमत आहे. हदगावचे पाणी पैनगंगेतून वर्धा नदीत, तेथून प्राणहितेत, मग गोदावरीत व शेवटी बंगालच्या उपसागरास मिळते. खांदेरी मात्र पश्चिमेस, अरबी समुद्रात आहे. आपले पाणी पूर्वेस जाते आणि आपल्याला जावयाचे आहे पश्चिमेस. मुलांनी बोटाने दोन्ही वाटा गिरवाव्यात व प्रमाणपट्टीने अंतर मोजावे.

थळहून खांदेरीकडे

आता सर्व वर्गाने मनाने प्रवासास निघावे. थळ हे कोळी लोकांची वस्ती असलेले गाव. किनाऱ्यावर होड्या नांगरलेल्या असतात. होडीचा प्रमुख तो तांडेल. कोणत्या वेळी निघावे, हे तो घड्याळाकडे पाहून नव्हे, तर वारा व पाणी पाहून ठरवितो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस राज्यात बंदीही असते. म्हणून अशी यात्रा पावसाळा उलटल्यावरच करावयाची.

होडी का तरंगते, हा प्रश्न येथे सहज येतो. ओल्या मातीचा गोळा पाण्यात टाकावा, तो बुडतो. त्याच गोळ्याची पसरट वाटी करून पाण्यावर ठेवावी, ती तरंगते. माती तीच, वजन तेच. परंतु वाटी अधिक पाणी बाजूस सारते. मग वाटीत एकेक खडा ठेवीत जावे. कितव्या खड्यास वाटी बुडाली, ते फळ्यावर लिहावे. होडीत माणसे मोजून का घेतात, हे मुलांस यावरून पटेल.

वाटेत प्रथम उंदेरी हे धाकटे बेट लागते. ते किनाऱ्यास अधिक जवळ आहे. त्यापुढे खांदेरी. बेटावर दोन टेकड्या असून मध्ये सखल भाग आहे. उंचावर १८६७ साली बांधलेले दीपगृह आहे. मुंबई बंदराकडे जाणाऱ्या गलबतांस रात्री खडकाची सूचना मिळावी, हा त्याचा हेतू. भोवती किल्ल्याची तटबंदी असून काही तोफा अजून तेथे आहेत. वेताळाचे स्थान आहे, त्यावर कोळी समाजाची श्रद्धा आहे. दगडाने ठोकला असता धातूच्या भांड्याप्रमाणे नाद देणारा एक खडकही तेथे आहे. आपल्या गावचा पाथरवटही दगड ठोकून, आवाजावरून त्याची पारख करतो. मुलांनी घट्ट काळा दगड व भुसभुशीत मुरूम आळीपाळीने ठोकून आवाजातील फरक ऐकावा.

खडकाळ किनारा आणि पाऊणकीचा पाढा

किनारा म्हटला की चित्रातील वाळूच मुलांच्या डोळ्यांपुढे येते. खांदेरीचा किनारा खडकाळ आहे, आणि खडकाळ किनारा हे भरती-ओहोटी समजावून देणारे उत्तम पुस्तक होय. फळ्यावर एक उभा खडक काढून त्याचे तीन पट्टे पाडावेत. वरचा पट्टा बहुधा कोरडा असतो. त्यावर केवळ लाटांचे तुषार पडतात. मधला पट्टा भरतीस बुडतो व ओहोटीस उघडा पडतो. खालचा पट्टा सदैव पाण्याखाली असतो. मधल्या पट्ट्यात खडकास घट्ट चिकटलेली कालवे असतात, शिंपले व गोगलगाई असतात, फटींत खेकडे दडतात. पाणी गेले की शिंपला मिटावयाचा व आले की उघडावयाचा, असे त्यांचे जीवन. कालवांच्या कडा धारदार व शेवाळ निसरडे, म्हणून अशा किनाऱ्यावर अनवाणी धावू नये, हेही सांगावे.

समुद्राचे पाणी दिवसातून सामान्यतः दोनदा चढते व दोनदा उतरते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास चढ-उतार मोठा असतो. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास तो लहान असतो. त्यास भांग म्हणतात. मुंबईच्या परिसरात मोठ्या उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक अंतर पडते. आपल्या शाळेच्या भिंतीवर खडूने चार मीटरांची खूण करून दाखवावी. एवढे पाणी सुमारे सहा तासांत चढते व पुढील सहा तासांत उतरते, हे ऐकून मुले चकित होतील.

भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास ते पन्नास मिनिटे पुढे सरकते. यावरून कोकणात एक ठोकताळा रूढ आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल, तर ४ ची पाऊणपट ३. म्हणून भरती सुमारे तीन वाजता. अष्टमीस ८ ची पाऊणपट ६. एकादशीस ११ ची पाऊणपट सव्वाआठ. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. शुद्ध व वद्य या दोन्ही पक्षांत गणना प्रतिपदेपासूनच करावी. हा ठोकताळा स्थूल आहे. बंदरांत अचूक वेळांसाठी छापील कोष्टके असतात. तथापि पावकी, निमकी व पाऊणकी हे पाढे कशासाठी, असे विचारणाऱ्या मुलास याहून चांगले उत्तर मिळणार नाही. ज्या पाढ्यावर कोणाची होडी खडकावर आपटणे वा न आपटणे अवलंबून असते, तो पाढा कंटाळवाणा कसा वाटेल?

भोवती पाणी, तरी पाण्याची चिंता

आता एका पेल्यात पाणी घेऊन त्यात मीठ विरघळवावे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी पिता येत नाही, पिकास देता येत नाही, डाळही त्यात शिजवता येत नाही. मग बेटावरच्या माणसाने प्यावे काय? खडकातील टाक्यांत पावसाचे पाणी साठवून. मालवणजवळील सिंधुदुर्ग किल्ल्यात तर दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्यांची नावेच गोड पाण्याचे मोल सांगतात.

येथे एक उदाहरण फळ्यावर घालावे. बेटावर ५० माणसे आहेत, दर माणशी रोज ५ लिटर पाणी, आणि १२० दिवस काढावयाचे आहेत. एकूण पाणी ३०,००० लिटर. ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद व १ मीटर खोल टाके नेमके एवढेच पाणी साठविते. उन्हाने पाण्याची वाफ होते, हे ध्यानात घेऊन टाके किती मोठे असावे, असा पुढचा प्रश्न वरच्या वर्गास द्यावा.

१६७९ सालची गोष्ट

इतक्या तयारीनंतर इतिहास सांगितल्यास तो निराळाच भासतो. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधण्याचे काम सुरू केले. मायनाक भंडारी हा तेथील प्रमुख होता. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी असल्याने तेथील इंग्रज अस्वस्थ झाले. त्यांनी लढाऊ गलबते पाठवून बेटाची नाकेबंदी केली. पुढे जंजिऱ्याचा सिद्दीही आपले आरमार घेऊन आला.

मुलांस येथे थांबवून विचारावे: 'बेटावरच्या लोकांस हरविण्यासाठी शत्रूने काय अडवावे?' आतापर्यंतचा पाठ ज्याने ऐकला तो मुलगा 'होडी' असेच उत्तर देईल. इंग्रजांनी तोच मार्ग धरला. परंतु त्यांची मोठी गलबते वाऱ्यावर अवलंबून होती व त्यांस खोल पाणी लागे. मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून, वल्ह्यांच्या बळावर, रात्रीच्या अंधारात किनारा व बेट यांच्यामध्ये ये-जा करीत. माणसे, शिधा व बांधकामाचे सामान त्यांतून पोहोचत राहिले. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रज गलबतांवर हल्ला केला व 'डव्ह' नावाचे गलबत पकडले. तट चढतच राहिला. १६८० च्या आरंभी इंग्रजांस वेढा उठवावा लागला. त्याच सुमारास सिद्दीने शेजारचे उंदेरी बळकावून तेथे आपला किल्ला उभारला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत खांदेरी आहे.

तोफा व तट यांचे वर्णन मुलांस आवडते. ते करावे, पण रात्री वल्ही मारणाऱ्या, नाव न उरलेल्या नावाड्यांचा उल्लेख त्याहून ठळक करावा. त्यांच्या फेऱ्या थांबल्या असत्या, तर तट अपुरा राहिला असता.

तीन प्रकारची बेटे

पाठाचे सार काढताना फळ्यावर तीन नावे लिहावीत. पहिले खांदेरी: बारा महिने तेरा काळ पाण्याने वेढलेले. दुसरे अलिबागसमोरील कुलाबा किल्ला: भरतीस बेट असतो, पुरेशी ओहोटी झाली म्हणजे तेथे पायी जाता येते. चतुर्थीस भरती सुमारे तीनला, तर कुलाब्यास चालत जाण्यास सोयीची वेळ कोणती? मुले 'नऊच्या सुमारास' असे सांगतील. आणि अष्टमीच्या भांगास पाणी पुरेसे ओसरत नाही, हे आपण सांगावे.

तिसरे नाव मुलांनीच सांगावयाचे आहे. 'आपल्या परिसरात, वर्षातून काही दिवस बेट होणारी जागा कोणती?' क्षणभर वर्ग गप्प राहील. मग कोणी ओढ्यापलीकडच्या वस्तीचे नाव घेईल, कोणी आखाड्याचे, कोणी पैनगंगा वा कयाधू यांच्या काठच्या गावाचे. पूर आला की पुलावरून पाणी जाते, दूध अडते, आजारी माणूस अडतो, शाळाही अडते. त्या वस्तीतील मुलास पाठातील सर्व गोष्टी ऐकून नव्हे, भोगून ठाऊक असतात. त्यास उभे करून बोलू द्यावे. पाठ येथे पूर्णत्वास येतो.

शिक्षकासाठी दोन शब्द

याच ठिकाणी हा पाठ आपल्याकडेही वळतो. आपल्या हजेरीपटावर प्रत्येक पावसाळ्यात काही नावांपुढे सलग गैरहजेरी पडते. तिच्याकडे आळस म्हणून पाहणे सोपे असते. वस्तुतः त्यांपैकी काही मुले त्या दिवसांत बेटावर असतात व त्यांच्याकडे होडी नसते.

यासाठी पुढील गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. शाळा सुरू होताच, कोणत्या मुलाच्या वाटेत ओढा, नाला किंवा बुडणारा पूल आहे, याची यादी करावी. त्या मुलांस आठवडाभर पुरेल एवढा स्वाध्याय आधीच देऊन ठेवावा. त्याच वस्तीतील एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याकडे वाचनाची काही पुस्तके सोपवावीत. मूल परत आल्यावर राहिलेला भाग शिकविण्यास दोन दिवस राखून ठेवावेत. आणि वाहत्या पाण्यातून, पाणी वर आलेल्या पुलावरून कोणीही शाळेस येऊ नये, हे मुलांस व पालकांस निक्षून सांगावे. खांदेरीचा तांडेल वारा पाहून होडी काढीत नाही, तेव्हा त्यास कोणी भित्रा म्हणत नाही, जाणता म्हणतात. पूर ओसरेपर्यंत थांबणाऱ्या मुलासही तोच मान द्यावा.

स्वाध्याय

१. परातीतील प्रयोगाची आकृती काढा व बेटाचा बुडालेला भाग रंगवा.
२. दिनदर्शिकेवरून आजची तिथी पाहा व पाऊणकीने भरतीची वेळ काढा.
३. खांदेरीवर चार दिवस राहावयाचे असल्यास होडीत काय न्याल? दहा वस्तूंची यादी, महत्त्वाच्या क्रमाने करा.
४. आपल्या गावाचा नकाशा काढून पावसाळ्यात बंद होणाऱ्या वाटा निळ्या रेषेने दाखवा.
५. घरातील वडीलधाऱ्यांस त्यांनी पाहिलेल्या मोठ्या पुराविषयी विचारा व दहा ओळी लिहा.

चौथ्या प्रश्नाचे नकाशे तपासून परत देण्यापूर्वी त्यांतील निळ्या रेषांची एक नक्कल शाळेच्या दप्तरी ठेवावी. पुढील पावसाळ्यात हजेरी घेताना तिचा उपयोग होईल.